तुरीपलीकडचा कापूस

रिकाम्या हातानं कोणाच्या वावरात जाऊ नये, असं सासूबाई सांगायच्या. जन्मात एकदाच मी त्यांचं ऐकलं आणि गावातल्या बायकांना घोर लावला. तेव्हा मी तरुण, अजाण होते. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची.

वर्ध्याच्या कोर्टातली नोकरी नुकतीच संपली होती. घरी बसून सुनेच्या भाजीला नावं ठेवण्यापेक्षा बरं, म्हणून नागपूरला विद्यापीठात एलएल.एम.ला नाव घातलं. विषय आंतरराष्ट्रीय आर्थिक कायदा, त्यात एक आख्खा पेपर युरोपीय कायद्याचा. वर्गातली पोरं मला मावशी म्हणत आणि माझ्या डब्यातला ठेचा संपवत. मी मात्र भेटेल त्याला युरोप समजावून सांगे. भाजीवालीलाही सोडलं नाही. सेंद्रिय मालाच्या मागोव्यावर मी निबंध लिहिला होता. माल कुठल्या वावरातून निघाला, कोणाच्या हातातून गेला, कशात मिसळला, हे शेवटपर्यंत सांगता आलं पाहिजे, असं त्यात मोठ्या थाटात ठोकलं होतं. वर्गात सगळ्यांत जास्त गुण मलाच. त्या आठवड्यात माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

गावी वाटणीनंतर अर्धं वावर आमचं, अर्धं मोठ्या जाऊबाईंचं. आमचं बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं, त्यात बीटी, म्हणजे जनुक बदललेल्या बियाण्याचा कापूस. जाऊबाईंनी मात्र तीन वर्षं खपून आपलं सेंद्रिय केलं, गावातल्या बायकांचा गट बांधला. गटाचा कापूस पहिल्यांदाच युरोपात जायचा होता, आणि तिथल्या सेंद्रिय मालात बीटी मुळीच चालत नाही. म्हणून दोन वावरांच्या मधे त्यांनी तुरीच्या दाट ओळी लावल्या होत्या.

सीतादहीला, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेला, मी कित्येक वर्षांनी गेले. आमच्याकडे दोन्ही वावरांतला पहिला कापूस एकाच टोपल्यात पडायचा. सगळं वाटलं गेलं, तेवढं टोपलं वाटलं नव्हतं. जाऊबाई दहीभात शिंपडत पुढं गेल्या होत्या. मी आमच्या वावरातला कापूस वेचून पदराची ओटी भरली, तुरी ओलांडल्या आणि त्यांच्या टोपल्यात रिकामी केली. वर हातही जोडले.

शनिवारी वर्गात सर माझाच निबंध वाचून दाखवत होते. ‘कशात मिसळला’पर्यंत आले आणि माझ्या हातातला पेन थांबला.

तास संपल्यावर त्यांना गाठलं. “सर, समजा, एखाद्या बाईनं चुकून...”

“मावशी, ही बाई वर्ध्याकडची आहे का?”

“असू शकते.”

मग मी सगळं सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणाले, “गटानं आधी स्वतः कळवलं, तर तेवढा ढीग बाजूला काढून बाकीचा माल वाचू शकतो. माल पाठवण्याआधीच्या तपासणीत सापडलं, तर संशय सगळ्या गटावर. तपासणी कधी आहे?”

“सोमवारी.”

परतीच्या गाडीत बुटीबोरीपर्यंत मी स्वतःची वकील होते: एवढ्या ढिगात एक ओटी, कोण बघतंय? सिंदी येईस्तोवर सरकारी वकील झाले. वर्ध्याला उतरून घरी न जाता गावाची एसटी धरली.

जाऊबाई ओसरीवर कापसातला पाला निवडत होत्या. “काऊन व, अचानक? युरोप बंद हाय काय आज?”

मी सांगितलं. त्यांचा हात कापसातच राहिला.

“टोपल्यात टाकला?”

“हो.”

“अन् टोपलं मीच ढिगात ओतलं.”

गटातल्या बायका जमल्या. एकीनं मला ऐकवलं, “इतकं शिकून काय केलं व बाई?” दुसरी दबक्या आवाजात म्हणाली, “सांगूच नोका. एक ओटी कोनाले दिसते?”

“तिले दिसली न,” जाऊबाई म्हणाल्या, आणि तपासणीवाल्याला फोन लावला.

गट वाचला. जाऊबाईंचा ढीग मात्र साधा कापूस म्हणून वर्ध्याच्या बाजारात गेला. पुढं गटाच्या मालाची गाडी निघाली, तेव्हा जिनं गट बांधला तिचं त्यात बोंडही नव्हतं. तरी नारळ त्यांनीच फोडला. गाडी वळणाआड गेल्यावरही त्या तशाच उभ्या होत्या, हातात करवंटी धरून.

मला राहवलं नाही. म्हटलं, “बाई, आता मी सीतादहीला कधी येणार नाही.”

त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “काऊन नाई येत? मी एकटीनंच करू काय पूजा? येजो. पन ओटी झटकून येजो, अन् हात रिकामे घेऊन येजो.”