निवेदक म्हणजे लेखक नव्हे

साहित्याच्या संज्ञा मी गेली सतरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते आहे. कथानक, पात्र, संघर्ष, उत्कर्षबिंदू. नाटक आलं की स्वगत. वही तीच, पानं सुटायला आलेली. समजावून सांगायचा हुरूप पहिली दोन-तीन वर्षं टिकला, मग मी सरळ लिहून द्यायला लागले. गुलमंडीजवळच्या एका कॉलेजातून रिक्षानं या दुसऱ्या कॉलेजात पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही, आणि परीक्षेत तरी व्याख्याच विचारतात. ‘निवेदक म्हणजे लेखक नव्हे’ ही ओळ तेवढी मी दोनदा सांगायचे, कारण सगळे हमखास तिथंच चुकतात.

दुपारच्या वर्गाला एक बाई यायच्या. पस्तिशीच्या असतील. वाळूजच्या कंपनीतली पहिली पाळी संपवून आलेल्या, शेवटच्या बाकावर बसायच्या. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. चाचणीला मी छोटी कथा लिहून तिच्यातला संघर्ष दाखवायला सांगितला, तेव्हा त्यांनी विचारलं, “मॅडम, खरं लिव्हलं तर चालंल का?”

“काहीही लिहा हो,” मी घड्याळाकडे बघत म्हणाले, “मुद्दे आले म्हणजे झालं.”

पेपर तपासताना त्यांच्या गोष्टीपाशी मात्र मी सावरून बसले. गोष्टीतली ‘मी’ सांगत होती, की लग्नानंतर नवऱ्यानं शिक्षण बंद केलं. आता ती कंपनीत ट्रेनिंग आहे अशी थाप मारून कॉलेजला जाते. पुस्तकं कंपनीतल्या लॉकरमध्ये ठेवते. घरी कुणी ‘आज काय शिकवलं?’ म्हणून विचारलं, की मशीनच्या पार्टांची नावं सांगते. किती वर्षांनी मला पेपर वाचून आनंद झाला होता!

सगळ्यांत चांगलं उत्तर वर्गात वाचून दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. मी वाचलं, त्यांचं नाव घेतलं, टाळ्याही वाजवायला लावल्या. त्या मान खाली घालून बसल्या होत्या. मला वाटलं, लाजल्या. त्यांच्या गल्लीतली एक मुलगी त्याच वर्गात होती, हे मला नंतर कळलं. ते ठाऊक नव्हतं म्हणून मी स्वतःला माफ केलं असतं. पण ‘खरं लिव्हलं तर’ हे त्यांनी मला तोंडावर विचारलं होतं, आणि मी ते कानाआड केलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. महिन्याभरानं ऑफिसच्या खिडकीशी भेटल्या, दाखला काढायला. नवरा बाहेर गाडीवर थांबला होता. मी माफी मागायला जवळ गेले.

“तुमचा काय दोष, मॅडम,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच लिहून दिलं व्हतं ना, निवेदक म्हंजी लेखक नव्हं. मी घरी लई सांगून बघितलं. वही बी दाखवली. पण नाय पटलं त्यांना.”

हल्ली ती ओळ मी एकदाच सांगते.