कोऱ्या भिंतीवरची अक्षरं
ओल्या चुन्याचा वास आला की मला अकोल्याच्या जुन्या शहरातला काकांचा दवाखाना आठवतो. शाळेच्या एका सुट्टीत तिथे डोळे तपासायच्या तक्त्यावर पट्टी धरायचं काम माझ्याकडे होतं. एका दुपारी पेट्रोलच्या टँकरचे एक ड्रायव्हर आले. लायसनवरच्या धोकादायक माल वाहण्याच्या नोंदीची मुदत वाढवायला त्यांना नजर चांगली असल्याचा दाखला हवा होता. "नोंद गेली तं टँकर जाते हातचा, ताई," ते म्हणाले. भिंतीला सकाळीच चुना लावला होता आणि तक्ता खाली जमिनीवर उलटा ठेवलेला होता. मी ते सांगणार, तोच त्यांनी एक डोळा झाकला आणि कोऱ्या भिंतीकडे बघत सुरू केलं, "ई. एफ, पी. टी, ओ, झेड." शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, न अडखळता. मग दुसरा डोळा झाकून पुन्हा तेच. "झालं का गं?" काकांनी मान वर न करता विचारलं. माझ्या तोंडून फक्त "हो" निघालं. शिक्का बसला. बाहेर पडताना ते पायाने पायरी चाचपत होते. आजही अमरावतीच्या रस्त्यावर समोरून टँकर आला की मी स्कूटी कडेला घेते. काचेआडचे ओठ काही पाठ म्हणत आहेत का, हे बघायचा धीर मला अजून झालेला नाही.