चिमटीतली सळई

बेळ्ळंदूरच्या सिग्नलला माझ्या कॅबशेजारी एक जुना ट्रक थांबला आणि त्याच्या इंजिनाची टकटक ऐकून देवनहळ्ळीच्या आमच्या अंगणातली एक सकाळ आठवली. बाबा आपल्या ट्रकचे वॉल्व्ह स्वतःच सेट करायचे, इंजिन गार असताना, फट मोजायचं गेज न लावता. वॉल्व्हला ढकलणारी सळई चिमटीत धरून फिरवत राहायची, दुसऱ्या हाताने स्क्रू आवळत जायचा, सळई जराशी अडली की थांबायचं. "गेज कशाला? बोटं आहेत की," म्हणायचे. त्या सकाळी मात्र इंजिन चालू केलं तरी टकटक जाईना. त्यांनी पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, तरी तेच. मग मला लाडाच्या नावाने हाक मारली. "पुट्टी, सळई तू धर. अडली की सांग." मी फिरवत राहिले, ते आवळत राहिले. "आता स्वल्प अडतेय," मी म्हटलं. या वेळी इंजिन कसं गोड चालू लागलं. मी हसून पाहिलं, तर ते ऑइलने काळी झालेली बोटं एकमेकांवर घासत होते. "शुगरनं बोटं मेलीत गं. काही कळत नाही. आईला सांगू नकोस." मी नाही सांगितलं. दोन वर्षांनी इस्पितळात, त्यांच्या शेवटच्या दुपारी, ते डोळे मिटून पडले होते आणि मी तासभर त्यांची बोटं घट्ट धरून बसले. मी आलेय हे त्यांना तेवढ्यानेच कळेल असं वाटलं, म्हणून हाक मारली नाही. त्या बोटांना काही कळत नाही, हे घरात फक्त मलाच माहीत होतं.