तिसरी तार

परवा नातवाने नवी इस्त्री आणली. तिच्या पिनेला तीन पाय आणि आमच्या खाटेजवळच्या जुन्या बोर्डाला भोकं दोनच. गडी निघाला पक्कड शोधायला, तिसरा पाय मोडायला! मी असली कडाडले की सून स्वयंपाकघरातून धावत आली. "आई, एवढं काय झालं?" काय झालं म्हणे. त्या तिसऱ्या पायापायी आमच्या घरात जे झालं ते आठवलं की माझं तोंड अजून कडू होतं.

मालवण बाजाराच्या अलीकडे आमची वाडी. साठ साल उलटल्यावर तिथे वीज आली. तारा ओढणारा कंत्राटदार बाबांना म्हणाला, तिसरी तार जमिनीत पुरायची असते, तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा घालून. वस्तूत वीज फुटली तर ती माणसाला सोडून जमिनीत जाते. बाबांनी विचारलं, "दोन तारांनी दिवो पेटता मां? मगे तिसरी कित्याक? तीन तिघाडा, काम बिघाडा!" कंत्राटदाराला काय, तेवढं काम कमी. तो हसला आणि गेला. मग तपासणीचा साहेब आला. त्याने बांगड्याचं तिखलं ओरपलं, दोन वाट्या सोलकढी प्याला, "छान, छान" म्हणाला आणि पान चघळत सही करून चालता झाला. पेटीचं झाकणसुद्धा उघडलं नाही मेल्याने. नियम होते हो सगळे! कागदावर अगदी देवासारखे बसलेले होते.

माझा मोठा भाऊ मुंबईत नोकरीला आणि त्याची बायको, माझी वहिनी, आमच्याकडे. ती देवबागची, खाडीपलीकडची. लग्नाला वर्ष होत होतं. त्या साली चतुर्थीच्या आधी पंधरा दिवस दादा आला तो विजेची इस्त्री घेऊन. "मुंबैसून हाडलंय, विलायतीच समजा." कसली विलायती! कुठल्या तरी गल्लीत, फुटपाथवर मांडलेली. तिच्यावर ना शिक्का, ना कुणाचं नाव. पण वाडीत पहिली. आयेने अख्ख्या वाडीला सांगून टाकलं, चतुर्थीची कापडं आमच्याकडे आणा. सदरे, धोतरं, परकर, गाठोडी येऊन पडली. इस्त्री कोण करणार? वहिनी. दुसरं कोण!

पहिल्याच दिवशी ती ओरडली. "आये, इस्त्री चावता!"

आये पाटावर बसली. खाली टेकायचं झालं की तिला पाट लागायचाच, उघड्या जमिनीवर ती बसायचीच नाही. पाटावर पाय घेऊन तिने इस्त्रीला हात लावला. काही नाही. दादाने लावला. त्याच्या पायात मुंबईच्या रबरी चपला, साहेब घरातही त्या काढत नसे. त्यालाही काही नाही. वहिनी बिचारी अनवाणी, शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर. तिला पुन्हा झटका.

"आमका कोणाक काय्येक नाय," आये म्हणाली. "हिकाच कित्याक?"

झालं! तिथून जे सुरू झालं ते सांगताना आजही किळस येते. शेजारणी कुजबुजायला लागल्या. हिच्यात काहीतरी आहे, माहेराहून आणलंय, खाडी ओलांडून मागोमाग आलंय. देवळात कौल लावला, पाकळी डावीकडची पडली. म्हणजे दोष सुनेचाच. ठरलं की चतुर्थी झाली की तिला देवबागेक पोचवायची आणि परत आणायची नाही. दादा काय म्हणाला? दादा नखं बघत बसला. शिकलेला, मुंबईत ऑफिसात बसणारा माझा भाऊ! तोवर मात्र कापडं तिनेच करायची. दोष तिच्यात, पण इस्त्रीची घडी तिच्याच हातची हवी. थू!

ती माझ्या शेजारी निजायची. मला एकदाच म्हणाली, "बाबांक माज्या काय सांगतलंय गो? इस्त्रीन घराभायर काढली म्हणान?" मी तिला कंत्राटदाराने सांगितलेली तिसऱ्या तारेची गोष्ट सांगितली.

पाठवण्याआधी वाडी राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गाऱ्हाणं घालणारे म्हातारे गावकार आले, वाडीचे मानकरी आले. गाऱ्हाण्याला पायात काही चालत नाही, तेव्हा सगळ्यांच्या चपला ओसरीवर. दादाच्यासुद्धा. जमीन त्याच सकाळी मुद्दाम सारवलेली, ओली कच्च. मध्ये केळीच्या पानावर इस्त्री, पुढ्यात नारळ. आये आपली कडेला पाटावर. गावकार म्हणाले, "चालू करा. तेच्यात जा काय आसा ता जागा होवंदे." दादाने बटण दाबलं.

"बा देवा म्हाराजा," गावकारांनी हात वर केले, "ह्या पोरीकडसून काय चुकला माकला असात तर ता पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

गावकारांनी बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात बुडवलं आणि इस्त्रीला टिळा लावायला गेले.

"आई गे! मेलंय, मेलंय!"

म्हातारा दाणकन मागे बसला, धोतर सुटायचंच बाकी. मला हसू फुटलं, पण कोण हसणार? सगळ्यांची तोंडं पांढरीफटक. आणि धाप जरा बसल्यावर गावकार काय म्हणाले असतील? "पोरीक आताच्या आता भायर काढा. ह्या खवळला!"

वहिनी दाराशी उभी होती. ती मुकाट ओसरीवर गेली, दादाच्या चपला पायात घातल्या आणि फटक फटक करत गाऱ्हाण्याच्या मध्यात आली. "अगो चपलां!" कुणीतरी किंचाळलं. तिने इस्त्रीच्या पत्र्यावर हात ठेवला. कोमटच होती अजून. ठेवला तो ठेवला. काही झालं नाही.

"आये," ती म्हणाली, "आता तुमी पाटावरसून खाली उतरा आणि हात लावा."

आये उतरली नाही. गावकार आपल्या पायांकडे बघत होते. कळलं, प्रत्येकाला कळलं, मी तोंडं बघत होते त्यांची.

वहिनीने चपला काढून दादापुढे ठेवल्या. "एक तर ही इस्त्री रवतली, नायतर मी."

आणि माझ्या घरातले लोक विचारात पडले! आये म्हणाली, "वाडयेची कापडां इलीहत गो." दादा म्हणाला, "एवढी चतुर्थी होऊंदे." बाबांनी तर तोडगाच काढला, "चपलां घालून करुक जमात मां?"

ती आत गेली, ट्रंक घेतली आणि खाडीवरच्या तरीकडे, होडीच्या धक्क्याकडे चालू लागली. पाठवायची होती ना? गेली आपली आपण. वाडीची सगळी कापडं मग दादाने केली, चपला घालून, घाम पुसत. सदऱ्यांना डाग पाडले ते वेगळेच.

मुंबईला परतण्याआधी तो तिला आणायला गेला. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि एवढंच विचारलं, "तिसरी तार घातलास?" दादा म्हणाला, "पुढच्या चतुर्थीक घालूया." "मगे पुढच्या चतुर्थीक येतंय," ती म्हणाली.

तिच्या बापाने आमच्या बाबांना बाजारात चारचौघांत गाठलं तेव्हा कुठे कंत्राटदाराला बोलावणं गेलं. विहिरीकडेला खड्डा, मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी. भिंतीत तीन भोकं, इस्त्रीला तीन पायांची पिन. अर्ध्या दिवसाचं काम! त्यापायी वर्षभर ती माहेरी राहिली, आणि देवबागेत तिला काय काय ऐकावं लागलं ते तिचं तिला माहीत.

वहिनी आली. अनवाणी आत गेली, ओल्या जमिनीवर उभी राहिली आणि चालू इस्त्रीवर हात ठेवून आयेकडे बघितलं. मग बटण बंद करून चुलीकडे गेली.

आयेने काय करावं? नारळ फोडला. "म्हाराजान ऐकल्यान! सून बरी झाली माजी!" घरोघर सांगत सुटली. चुकलं, असं कुणीही, कधीही म्हणालं नाही. उपकार फेडायला पुन्हा गाऱ्हाणं ठेवलं. पुन्हा तेच मानकरी, तेच केळीचं पान, तीच इस्त्री. वहिनी चहाचे पेले घेऊन उभी.

गावकार आले, ओसरीवर चपला काढल्या, इस्त्रीकडे एकदा बघितलं आणि वहिनीलाच म्हणाले, "बाये, आधी माका एक पाट दी."