ट्रॅक्टरची वाकडी चाल

अण्णा सरळ चालवत होता आणि ट्रॅक्टर वाकडा जात होता. सकाळी हेब्बाळच्या तळ्यावरून धुकं आमच्या नर्सरीत यायचं. त्यात ट्रॅक्टर दिसायचा नाही, नुसता त्याचा आवाज तरंगत राहायचा. धुकं विरलं की दवावर चाकांच्या दोन रुपेरी रेघा उरायच्या. त्या गुरुवारी मात्र रेघा ओढ्यासारख्या वळत गेल्या होत्या. रेघा संपल्या तिथे गुलाबाची चार रोपं आडवी.

मॅनेजरसाहेब कन्नडमध्ये म्हणाले, "डोळे गेले रे तुझे. सोमवारपासून खड्डे खणायला जा. ट्रॅक्टरवर दुसरा माणूस बसेल."

अण्णा माझा थोरला भाऊ. बारा वर्षं तोच त्या सीटवर बसत होता. शेडमध्ये येऊन तो आपला तळहात डोळ्यांपुढे जवळ-लांब धरून बघत बसला.

"गेले असतील गं, शांते. मला तरी काय कळतंय?"

मी त्याच शेडमध्ये औजारांना तेल-ग्रीस करायचे. साहेबांपुढे माझा आवाज फुटत नसे, पण ट्रॅक्टर मला ठाऊक होता. बागेतलं गवत कापायचा छोटा, जुना, परदेशी ट्रॅक्टर. त्याचं स्टिअरिंग पाव फेरा फिरवलं तरी पुढची चाकं जागची हलत नसत. याला प्ले म्हणतात, म्हणजे ढिलाई.

"डोळे नव्हेत अण्णा, चाकं तिरकी झालीत," मी म्हणाले.

शुक्रवारी आम्ही चाकं जुळवली, आमच्या पद्धतीनं. रोपांची ओळ आखायची दोरी ताणली आणि दोन्ही चाकं वाफ्याच्या कडांसारखी अगदी समांतर केली. दिसायला सुंदर. अण्णानं दहा पावलं चालवला तर ट्रॅक्टर झोपेत चालणाऱ्या माणसासारखा डुलायला लागला.

"छान! आता नाचतो पण," अण्णा म्हणाला.

मी त्याला सीटवरच बसवलं. "स्टिअरिंग स्वल्प स्वल्प, थोडं थोडं हलवत राहा." आणि खाली शिरले. कापलेल्या गवताचा आणि कोमट तेलाचा वास. डोळे मिटून मी एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेले. दोन्ही चाकांना जोडणारी एक दांडी असते, टाय रॉड. तिच्या डाव्या टोकाचा सांधा बोटाखाली नाडीसारखा उडत होता. आतला लोखंडी गोळा झिजला होता.

सुटा भाग मिळत नव्हता. शनिवारी मल्लेश्वरमला एका लेथवाल्याकडे गेले.

"शिवणयंत्राचं का, अक्का?"

"ट्रॅक्टरचं."

"बसवणार कोण?"

"मी."

तो हसला, पण नवा गोळा आणि तो ज्यात बसतो ती पितळी वाटी झकास करून दिली.

रविवारी गोळा-वाटी बसवली. स्टिअरिंगची ढिलाई बोटभरावर आली. मग माप. दोन्ही टायरवर पुढच्या बाजूला खडूची खूण करायची, अंतर मोजायचं. ट्रॅक्टर ढकलून खुणा मागे आणायच्या, पुन्हा मोजायचं. पुढचं अंतर पाव इंच कमी हवं. चालताना चाकं जरा फाकतात आणि मग सरळ धावतात. टाय रॉड फिरवून तेवढं केलं, नट आवळला.

सोमवारी धुक्यात नवा ड्रायव्हर हजर. साहेब किल्ली त्याच्या हातात देत होते.

"साहेब, आधी एक फेरी अण्णाला द्या."

"कोण बोललं?" साहेब वळले.

"मी. डोळे नव्हे, सांधा गेला होता."

"तुला कुणी सांगितलं?"

"हाताला लागला."

साहेबांनी माझ्या काळ्या बोटांकडे पाहिलं आणि किल्ली अण्णाला दिली. अण्णा धुक्यात शिरला. आम्ही तिघं नुसता आवाज ऐकत उभे. तो दूर गेला, वळला, परत आला. मग ऊन आलं. दवावर दोन रेघा थेट शेवटच्या वाफ्यापर्यंत गेल्या होत्या. साहेब बूट भिजवत रेघेवरून टोकापर्यंत चालले, परत आले.

"सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाले. सीट अण्णाची राहिली.

पुढच्या महिन्यात मी अण्णाचे डोळे तपासून घेतले. लांबचं खरंच कमी दिसत होतं. चष्मा लागला. साहेबांनी काही विचारलं नाही, आम्हीही सांगायला गेलो नाही.

मी शिकले ते एवढंच. आधी ढिलाई काढावी, मग माप घ्यावं. शुक्रवारी दोरी लावून आम्ही ढिलाईच मोजली होती.