धीर धर म्हणणारे दाजी

बिटकॉइनमधलं सगळ्यात जास्त मला कळतं, असं सासुरवाडीत मीच पसरवलं होतं. अक्कलकोटच्या अलीकडे शेती करणारा माझा धाकटा मेहुणा मला विचारल्याशिवाय काही घ्यायचा नाही की विकायचा नाही. मीही ऐटीत दोन नियम सांगायचो. बुडाले तरी घरची चूल पेटती राहील एवढेच पैसे लावायचे, आणि एकदा लावले की भाव घसरला म्हणून पळायचं नाही. त्याने ते पाळले. मी मात्र बायकोने शिवणकाम करून दुकानाच्या गाळ्यासाठी साठवलेले पैसेसुद्धा, तिला गोडीगुलाबीने समजावून, त्यात घातले होते.

मागच्या हिवाळ्यात आम्ही मेहुण्याच्या शेतात हुरड्याला गेलो आणि नेमका त्याच दुपारी भाव कोसळला. सगळे आगटीभोवती बसून कणसं चोळत होते. ऑफिसचा फोन आहे असं सांगून मी विहिरीकडे गेलो. माझी पाचावर धारण बसली होती. झेपेल तेवढंच लावणाऱ्याला धीर धरता येतो, मी तो आणणार कुठून? तिथेच उभ्या उभ्या सगळं तोट्यात विकून टाकलं. परत आलो तर मेहुणा फोन पुढे करून विचारतोय, काय करू म्हणून.

"धीर धर," मी हुरडा तोंडात टाकत म्हणालो. "मी कुठे विकलंय?"

खरं सांगितलं असतं तर माझा तोरा उतरला असता, एवढंच काय ते कारण. शेजारी बसलेल्या बायकोनेही ते ऐकलं आणि निर्धास्त झाली.

यंदा पुन्हा हुरडा. मधल्या काळात भाव सावरून चांगला वर गेला होता. मेहुण्याने सगळ्या पाहुण्यांसमोर मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. दाजी नसते तर मी घाबरून विकलं असतं, हे त्याने आधी मराठीत सांगितलं, मग सासूबाईंच्या माहेरच्यांसाठी कानडीत. मी हसत बसलो. त्या हसण्याची मला अजून किळस येते. मग माझ्या ताटलीत चटणी वाढता वाढता तो म्हणाला की आता तुमच्या भरवशावर ट्रॅक्टरसाठी ठेवलेले पैसेही टाकतो.

तेव्हा मात्र मी ताटली खाली ठेवली. त्याला बांधापाशी घेऊन गेलो.

"एक रुपयाही टाकू नकोस," मी म्हणालो. "मी त्याच दिवशी विकलं होतं. तुला खोटं सांगितलं."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, एखाद्या परक्याकडे बघावं तसा. मग त्याने आगटीकडे बघितलं. बायको तिथे त्याच्या बायकोशी काहीतरी खुशीत बोलत होती.

"आक्काला ठाव हाय का?"

"नाही."



"गाळ्याला इसार दिऊन आलीया ती," तो म्हणाला. "आज घरी गेल्यावर तुमाला सांगणार व्हती."

मी आगटीकडे चालू लागलो. बायकोने तिच्या शेजारची जागा माझ्यासाठी राखून ठेवली होती.