शहागंजातलं पिंपभर पाणी

४ मार्च. आजचं काम: दत्तूरावांच्या होडीचं आखडलेलं इंजिन संभाजीनगरला नेणे, सिलिंडर बोअर करून (आतून कापून रुंद करून) घेणे आणि देवगडहून मी पिशवीत घालून आणलेला मोठ्या मापाचा पिस्टन त्यात बसवणे.

दत्तूराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, कुंदाचे यजमान. ती वाळूजला नोकरीला आली आणि लग्न करून पैठणच्या धरणाकाठी राहिली. त्यांची गाळपेर (धरणाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळातली शेती) एका टेकाडावर आहे. चारी बाजूंनी पाणी. काढलेला हरभरा तिथे ढीग घालून पडलेला, मळणीयंत्र अलीकडच्या काठावर, आणि आभाळ दोन दिवस गढूळ. पाऊस आला तर वर्षाचं पीक जागेवर कुजणार. वल्ही मारून एवढा माल आणणं शक्य नव्हतं.

आमच्या घरी होड्या आहेत, त्यामुळे फोनवरच मी विचारलं होतं, "पेट्रोलमध्ये तेल घातलं होतं ना?" सगळ्यांनी दत्तूरावांना हेच विचारून हैराण केलं होतं. सकाळी मी स्वतः इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं झाकण काढलं. आत मूठभर काळा गाळ.

"होडी ढिगाला भिडवायला उथळात घातली होती?"

"व्हय अक्का. लई घाई होती."

"इंजिन गाळ प्यायलं. मग ते थंड कशाने होणार?"

ते मान खाली घालून पाना पुसत राहिले. तेल मात्र त्यांनी घातलं होतं, हे मी कुंदाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

पिकअपमध्ये इंजिन गोणपाटावर आडवं टाकून आम्ही पैठण रस्त्याने निघालो. धरण मागे पडलं की घटकाभरात सगळं कोरडं. तुऱ्हाट्यांचे भारे, धुळीने पांढरी झाडं, रसवंत्या. संभाजीनगरात शहागंजमागच्या गल्लीत रफिकभाईंचं बोअरिंगचं दुकान. त्यांचा जन्म स्कूटर आणि बुलेटच्या सिलिंडरांत गेलेला. इंजिनाचा पंखा बघून ते म्हणाले, "बाई, आमच्या गल्लीत मासे नाय निघत."

"मासे मी आणते. तुम्ही रेघ काढा."

सिलिंडरच्या भिंतीवर पिस्टन घासून उभी रेघ पडली होती. नव्या पिस्टनच्या मापापर्यंत कापताना ती निघाली तर ठीक, नाहीतर सिलिंडर भंगारात. रफिकभाईंनी आधी पिस्टन मापला, मग यंत्र लावलं. बराच वेळ लागणार होता म्हणून मी दत्तूरावांना घेऊन नानखलिया (मऊ नान आणि मटणाचा पिवळा, तर्रीदार रस्सा) खायला गेले. मी दोन नान खाल्ले. दत्तूराव नान हातात धरून आभाळ बघत होते.

परतलो तर रफिकभाई सिलिंडरमध्ये बोट फिरवत होते. "अजून नख अडकतंय." पुन्हा थोडं कापलं. पुन्हा बोट. मग त्यांनी माझं बोट धरून आत नेलं. गुळगुळीत.

संध्याकाळपर्यंत रिंगा, पिस्टन, सगळं बसलं. त्यांनी इंजिन शिकंज्यात आवळलं आणि सुरू करायची दोरी हातात घेतली. मी त्यांचं मनगट धरलं.

"पाण्याशिवाय नाही."

"एकच मिनिट, बाई. आवाज ऐकू."

"स्कूटर वाऱ्यावर थंड होते. हे पाण्यात बुडलेलं असतं. पिंप आणा."

पिंप होतं, पाणी नव्हतं. या भागात नळ आठवड्यातून एकदा येतो आणि तो काल येऊन गेला होता. मी शेजारचं दार वाजवलं. शमीमआपा, रफिकभाईंच्या चुलतभावजय, ओढणी सावरत बाहेर आल्या. त्यांच्या अंगणात निळं पिंप काठोकाठ होतं.

"नाव का इंजन? शहागंज में?" त्या हसल्या. "और पानी तो तुम्हारे पैठन सेच आता. वापस मांगने आए क्या?"

दत्तूराव पुढे झाले. "आपा, हरभरा पडलाय पान्यापल्याड. आभाळ आलंय."

त्यांनी वर पाहिलं. "सोयगावला माझं माहेर. शेताचंच," त्या मराठीत म्हणाल्या. "कपडे धुवायचं पाणी हाय ते. घ्या. तेलाचं झालं तरी फेकू नका, गल्लीत धूळ लई हाय."

इंजिन पिंपात सोडलं. तिसऱ्या ओढीला धडधडलं, बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार उडाली. रफिकभाईंनी धारेखाली हात धरला आणि लहान पोरासारखे हसले. नंतर तेच पाणी आम्ही सगळ्यांनी बादलीने गल्लीभर शिंपडलं.

आमच्या कोकणात पाणी मागताना कोणाचा चेहरा वाचावा लागत नाही. इथे तो वाचावा लागला, आणि वाचताना मला संकोच झाला, एवढं खरं.

५ मार्च. उजाडताच मी सुकाणूला बसले. नवा पिस्टन पहिले काही तास सावकाशच चालवावा लागतो. दत्तूराव सारखे म्हणायचे, "अक्का, जरा ओढा की." मी ओढलं नाही. खेपेमागून खेप रांगत्या चालीने केली. ढिगाचा तळ उरला असताना सरी आल्या. तो हरभरा आम्ही भिजलेलाच आणला, कुंदाच्या पडवीत पसरला, आणि ओले घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) कुजण्याआधी वेगळे वाळावेत म्हणून मी पदर खोचून ते तोडायला बसले.